नाव एकाचे, पोट दुसऱ्याचे

मागच्या महिन्यात शिलाई मशीनच्या बॉबीनबद्दल लिहिले तेव्हा पुढच्या वेळी मिक्सरचे कार्बन घरी कसे बदलावेत ते सांगेन असे कबूल केले होते. ते राहू द्या. गेले दीड महिना आमच्या घरात मिक्सर नव्हे, एक जुना व्हिडिओ कॅमेरा उघडा पडला होता, आणि जेवायच्या सुफ्रयालासुद्धा जागा शोधावी लागत होती. तेव्हा या वेळी तोच हिशोब.

सुरुवात आपापासून झाली. आमची आपा नदीपलीकडे, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या गावात राहते. तिच्या धाकट्या मुलीचा निकाह पावसाळा संपल्यावर ठरला. त्या तयारीच्या निमित्ताने ती आरमोरीला आली आणि पिशवीतून बिस्किटांचा एक गंजलेला डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत मामूंचा कॅमेरा आणि तीन कॅसेटी. "तू अब्बांच्या दुकानात बसायचीस ना? मग हे चालू करून दे," एवढेच म्हणाली.

मामू मस्कतला होते. १९९२ च्या सुटीत त्यांनी हा कॅमेरा आणला. हाताच्या पंजावर पट्टा अडकवून धरायचा, आत बोटभर जाडीची छोटी कॅसेट. त्या कॅमेऱ्यावरचे नाव कोणालाच माहीत नव्हते. टीव्ही, रेडिओच्या जाहिरातीत ते कधी दिसले नव्हते. मोहल्ल्यातली मुले हसायची, "मामूला डुप्लिकेट दिला." मामूही थोडे खट्टू झाले होते, कारण स्वस्तात मिळाला म्हणून घेतला हे त्यांनी स्वतःच सांगून टाकले होते. १९९३ मध्ये आपाच्या निकाहचे सगळे चित्रण त्यांनी याच कॅमेऱ्याने केले.

त्या कॅसेटीत अब्बांचा आवाज आहे. चेहरा नाही, आवाज. अब्बा तसवीर काढू देत नसत. ओळखपत्रापुरता एक फोटो, बाकी नाही. मामू कॅमेरा घेऊन फिरू लागले तेव्हा अब्बा त्यांच्या समोर न येता सारखे त्यांच्या मागे आणि बाजूला उभे राहिले. त्यामुळे सगळ्या चित्रणात ते कुठेच दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याच्या माइकजवळ असल्याने त्यांचे बोलणे सर्वांत स्वच्छ ऐकू येते. व्हिडिओ-तसवीरच्या मसल्यात मी पडत नाही, ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. १९९७ मध्ये अब्बा अल्लाहला प्यारे झाले. रुखसतीच्या वेळी त्यांनी आपाच्या डोक्यावर हात ठेवून दुआ केली होती, आणि ती दुआ आपल्या मुलीला तिच्या निकाहच्या आधी ऐकवावी असे आपाच्या मनात होते.

अडचण अशी की २०२० च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्दचे पाणी सोडले आणि वैनगंगेने दोन्ही काठ बुडवले, तेव्हा आपाच्या घरात कमरेइतके पाणी होते. डबा पत्र्याच्या कपाटावर होता म्हणून बुडाला नाही, पण ओल लागलीच. एका कॅसेटच्या खिडकीतून पाहिले तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी, चुन्याची रेघ ओढल्यासारखी.

मी आधी सरळ मार्ग पाहिला. भावाच्या मुलाने नागपूरला फोन लावले. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणारे आहेत, एका कॅसेटला आठशे रुपये. फोटो पाठवल्यावर त्यांनी नकार दिला, बुरशीची कॅसेट आम्ही मशीनला लावत नाही म्हणाले. रागावण्यासारखे त्यात काही नाही, पुढे सांगते त्यावरून कळेल. वापरलेला दुसरा कॅमेरा घ्यावा तर आठ-दहा हजार, तोही चालेलच याची हमी नाही. आपा म्हणाली, "निकाहच्या खर्चातून पंधराशे काढू शकते. त्याच्या वर एक रुपया नाही." म्हणून पंधराशेत बसवायचे ठरले.

हा कॅमेरा व्हिडिओ-आठ या जातीचा. फीत आठ मिलिमीटर रुंद म्हणून ते नाव. मोठ्या व्हीएचएस कॅसेटीसारखी ही व्हीसीआरमध्ये लावता येत नाही. व्हीएचएसच्याच छोट्या भावाला, व्हीएचएस-सीला, आधाराची एक चौकट मिळते. ती लावली की ती कॅसेट मोठ्या यंत्रात चालते. व्हिडिओ-आठला तसला पर्याय नाही. त्याच जातीचे यंत्र हवे. म्हणून कॅसेट वाचवायची तर कॅमेरा जगवणे भाग होते.

आता त्या डुप्लिकेट नावाची गोष्ट. आमच्या आरमोरी-वडसा भागात राईस मिली पुष्कळ. एकाच मिलचा तांदूळ चार वेगवेगळ्या छापांच्या कट्ट्यांत भरला जातो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कॅमेऱ्यांचेही तेच झाले. फिरता ड्रम, त्याच्या भोवती फीत गुंडाळणारी नाजूक यंत्रणा, हे बनवण्याची हातोटी जपानच्या मोजक्या कारखान्यांकडे होती. बाकीच्या कंपन्या त्यांच्याकडून तयार कॅमेरा घेत आणि आपली पट्टी चिकटवत. अमेरिकेच्या कोडॅकने १९८४ मध्ये व्हिडिओ-आठचा कॅमेरा काढला, तो बनवला होता जपानच्या मात्सुशिताने, म्हणजे ज्यांचा माल आपण पॅनासॉनिक म्हणून ओळखतो त्यांनी. जेव्हीसीचा जीआर-सी-वन हा गाजलेला लाल-काळा कॅमेरा अमेरिकेत झेनिथच्या नावाने आणि युरोपात आणखी दोन-तीन नावांनी विकला गेला. मॅग्नावॉक्स, क्वासार या नावांच्या कॅमेऱ्यांच्या पोटातही मात्सुशिताच. तेव्हा मामूंना कोणी फसवले नव्हते. त्यांनी चांगल्या मिलचा तांदूळ साध्या कट्ट्यात घेतला होता.

गरिबाच्या दुरुस्तीला याचा मोठा उपयोग होतो. बाहेरच्या नावाने शोधाल तर माहिती मिळत नाही, सुटे भाग मिळत नाहीत. आतले नाव कळले की जुळ्या भावाची सगळी कागदपत्रे हाती लागतात. ते कळण्याच्या खुणा तीन. पहिली, बोर्डावर छापलेली अक्षरे आणि भागांचे क्रमांक. प्रत्येक कंपनीची क्रमांक लिहिण्याची रीत वेगळी, मात्सुशिताच्या व्हिडिओ भागांचे क्रमांक बहुधा इंग्रजी व्ही अक्षराने सुरू होतात. दुसरी, बटणांची मांडणी आणि कॅसेट ज्यातून आत जाते त्या झाकणाचा आकार. पट्टी बदलतात, साचा बदलत नाहीत. तिसरी, बॅटरी. तिचा आकार आणि खाचा जुळल्या तर बहुतेक वेळा यंत्रही तेच असते. आमच्या कॅमेऱ्याचा जुळा भाऊ भाच्याने दोन रात्रीत शोधला. त्याच्या दुरुस्तीचे पुस्तक, सर्किटच्या नकाशांसह, मोबाईलवर उतरवून घेतले. हा भाचा मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकांचे मोबाईलवर शूटिंग करून देतो, त्यामुळे कॅमेरा म्हटले की त्याचे डोळे चमकतात. कंपनीचे नाव मी इथे लिहीत नाही. यंत्राला तीस वर्षे झाली, त्यात कंपनीला बोल लावण्यासारखे काही नाही.

उघडायच्या आधी एक सांगते. जपानी यंत्रांच्या स्क्रूवर जी अधिकाची खूण असते ती आपल्या नेहमीच्या पेचकसाच्या टोकाशी पूर्ण जुळत नाही. टोक वर सरकते आणि स्क्रूचे डोके खराब होते. मग तो स्क्रू जन्मात निघत नाही. आमच्या बाजारातल्या घड्याळवाल्या चाचांकडे जपानी खाचेचे बारीक पेचकस आहेत, ते दोन दिवसांसाठी मागून आणले. एका पुठ्ठ्यावर कॅमेऱ्याचे चित्र काढले आणि जिथला स्क्रू तिथे पुठ्ठ्यात खोचत गेले. लांब स्क्रू आखूडच्या जागी बसवला तर तो आतल्या बोर्डात घुसतो, म्हणून ही खबरदारी. अब्बा रेडिओच्या बाबतीत हेच करायचे, फक्त पुठ्ठ्याऐवजी साबणाची वडी असायची.

एक धोक्याची गोष्टही. डोळा लावून पाहायच्या नळीत त्या काळी खरोखरची छोटी पिक्चर ट्यूब असे आणि तिला हजाराच्या वर व्होल्ट लागत. वीज काढल्यावरही थोडा वेळ ते तिथे राहतात. आम्ही त्या भागाला हातच लावला नाही. चित्र टीव्हीवर पाहायचे होते, नळीतून नव्हे.

कॅमेऱ्याची बॅटरी केव्हाच मेलेली. जुन्या निकेल-कॅडमियमच्या पाच पेशी, प्रत्येकी सव्वा व्होल्टच्या आतबाहेर, मिळून सहा व्होल्ट. मूळ चार्जर पुरात गेला. बाजारात ऐंशी रुपयांना व्होल्ट कमी करणारे एक छोटे मॉड्यूल मिळते, एलएम२५९६ नावाचे. घरात वायफायच्या डब्याचा बारा व्होल्ट, दोन अँपिअरचा अडॅप्टर पडून होता. अडॅप्टर मॉड्यूलला जोडला, मल्टीमीटर लावून त्यावरचा बारीक स्क्रू फिरवत सहा व्होल्टवर आणले, आणि मगच तारा कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या पत्र्यांना लावल्या. आधी मोजायचे, मग जोडायचे. उलट केले तर बारा व्होल्ट थेट आत जातात. कॅमेऱ्याचा प्लस-मायनसही त्याच्या अंगावर छापलेला पाहून दोनदा खात्री केली.

बटण दाबले. लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच.

भाच्याचे तोंड उतरले. मला मात्र बरे वाटले, कारण अगदीच मेलेल्यापेक्षा लुकलुकणारे यंत्र बरे. बोर्ड बाहेर काढला आणि नाकाशी धरला. कुजलेल्या मासळीचा वास. इथे बराच वेळ गेला, म्हणून जरा सविस्तर सांगते. १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅमेरे छोटे करण्याची चढाओढ लागली तेव्हा बोर्डावर पृष्ठभागालाच चिकटणारे चिमुकले कपॅसिटर वापरात आले, हरभऱ्याच्या दाण्याएवढे चांदीचे डबे. त्यांच्या आत एक द्रव असतो. त्या काळच्या पुष्कळ कपॅसिटरमध्ये तो द्रव खालच्या रबरी बुचातून हळूहळू पाझरतो, बोर्डावर पसरतो आणि तांब्याच्या रेघा खातो. त्या सुमाराच्या कॅमेऱ्यांचा हा सर्वांत सामान्य आजार, नाव कोणतेही असो. म्हणून कोणाच्या घरी असा कॅमेरा असेल आणि तो चालू होत नसेल, दिवा लागून विझत असेल, चित्र काळे येत असेल, तर मोटार किंवा हेड गेले असे समजून टाकून देऊ नका. आधी वास घ्या.

पुस्तकात कपॅसिटरची यादी होती, एका बोर्डावर अकरा आणि दुसऱ्यावर सहा. किंमत प्रत्येकावर दोन आकड्यांत असते, किती मायक्रोफॅरड आणि किती व्होल्ट. मायक्रोफॅरड तेवढाच हवा, व्होल्ट जास्त चालतो, कमी चालत नाही. आरमोरीत हे मिळत नाहीत. एसटीने नागपूरला गेले, सीताबर्डीत घेतले. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मी गेले, भाच्याला नेले नाही. एवढ्या तेवढ्या गोष्टीतही पंधराशेचा विचार करावा लागत होता. काही आकडे मूळ प्रकारात मिळाले नाहीत तिथे टँटलमचे घेतले. त्यात एक फसगत आहे ती नव्याने शिकणाऱ्यांनी लिहून ठेवावी. चांदीच्या डब्यावरची काळी खूण मायनसची असते आणि टँटलमवरची रेघ प्लसची. उलटा बसला तर धूर निघतो.

डाख देण्याची सवय मला अब्बांमुळे. शाळेतून आले की दुकानात त्यांच्या बाजूला बसायचे, ते कथिलाची तार धरायचे आणि मी तापलेले टोक टेकवायचे. पण रेडिओचे डाख म्हणजे बैलगाडीचा रस्ता, आणि हे मुंगीची वाट. पहिले दहा नीट निघाले. अकरावा काढताना घाई झाली, मगरीब होत आली होती, आणि खालचा तांब्याचा ठिपका बोर्डापासून सुटून कपॅसिटरबरोबर वर आला. पाझरलेल्या द्रवाने तो आधीच सैल केला होता. तरी चूक माझी. थांबायला हवे होते. नमाज पढून आले, चहा घेतला, आणि नकाशात पाहिले की तो ठिपका कुठे जातो. जुन्या हेडफोनच्या वायरीतला एक केसाएवढा तांब्याचा धागा काढून तेवढे अंतर जोडले. आपा शेजारी बसून सगळे पाहत होती. म्हणाली, "अब्बा असते तर तुझ्या हातावर मारलं असतं." खरेच मारले असते.

सगळे बदलल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने धुतला. रात्रभर पंख्याखाली वाळवला. सकाळी बटण दाबले. दिवा लागला आणि लागलेला राहिला. टीव्हीला वायर जोडली तर आमच्या अंगणातली कोंबडी पडद्यावर, रंगासकट. भाच्याने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या भाभी धावत आल्या.

पण कॅसेटचे झाकण उघडेना. पडद्यावर ओलीची सूचना येत होती. ड्रमजवळ एक छोटा तुकडा असतो, हवेतला दमटपणा ओळखणारा. ओल असेल तर तो यंत्रणा चालूच होऊ देत नाही. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे यंत्राला ओल न लागली तरच नवल. त्या तुकड्याला फसवायची युक्ती भाच्याने शोधून ठेवली होती. मी ती करू दिली नाही. ओल्या ड्रमला फीत चिकटते आणि गुंडाळून तुटते. कॅमेरा घट्ट झाकणाच्या पिंपात, सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर, तीन दिवस ठेवला. सूचना गेली, झाकण कुरकुरत उघडले. आतले जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. ते काडीने खरवडून अल्कोहोलने पुसले आणि जिथे होते तिथेच नव्या पांढऱ्या ग्रीसचा तीळभर थेंब लावला. जास्त लावू नका, ते फितीवर उडते.

आता हेड. हा भाग खरा जिवाचा. चमकणारा ड्रम सेकंदाला पंचवीस फेऱ्या मारतो, मिनिटाला १५०० होतात, आणि त्याच्या कडेला डोळ्यांना जेमतेम दिसतील असे हेड असतात. व्हीएचएसमध्ये आवाज फितीच्या काठावर वेगळ्या रेघेत असतो. चित्र बिघडले तरी आवाज राहतो. व्हिडिओ-आठमध्ये नेहमीचा आवाज चित्राबरोबर, त्याच फिरत्या हेडांनी तिरप्या रेघांत लिहिलेला असतो. म्हणजे हेडावर कण बसला की चित्र आणि आवाज दोन्ही एकदम जातात. आम्हाला चित्राची एवढी पर्वा नव्हती, आवाज हवा होता, आणि या जातीत आवाज चित्राच्याच पाठीवर बसून येतो. नागपूरवाल्याने बुरशीची कॅसेट का नाकारली ते इथे कळते. एक बुरशीची फीत लावली की त्याचे हेड भरणार आणि पुढच्या दहा गिऱ्हाइकांच्या कॅसेटी खराब होणार.

हेड पुसताना कापसाची काडी वापरू नका. कापसाचा धागा हेडात अडकतो आणि हेड तुटतो, त्याला दुरुस्ती नाही. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी अल्कोहोलने भिजवून ड्रमला हलकेच टेकवायची, ती स्थिर धरायची आणि ड्रम वरच्या काठाने हाताने सावकाश फिरवायचा. कागद वरखाली घासायचा नाही. आमचा कागद पहिल्यांदा तपकिरी झाला, पाचव्या वेळी पांढरा राहिला.

मध्ये एका संध्याकाळी सगळे कंटाळले तेव्हा भाच्याने मालेगावच्या मंडळींची डॉक्युमेंटरी लावली, फैजा अहमद खान यांची 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. यंत्रमागांच्या त्या गावात नासिर शेख यांनी २००० साली मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. साधा व्हिडिओ कॅमेरा, क्रेनच्या जागी बैलगाडी, असा सगळा प्रकार. डॉक्युमेंटरीत ते सुपरमॅन काढत असतात, आणि त्यांचा कॅमेरा पाण्यात पडतो. आमची आपा, जी सिनेमा पाहत नाही, ती त्या जागी "या अल्लाह!" म्हणून उठून बसली. दीड महिन्यापूर्वी तिला त्या प्रसंगात काहीच वाटले नसते.

कॅसेटीचे काम अंगणात, तोंडाला मास्क बांधून केले. बुरशी श्वासात जाऊ नये आणि घरातल्या कपड्यांवरही बसू नये. आधी दहा दिवस कॅसेटी सिलिकाच्या डब्यात वाळवल्या. ओली बुरशी पुसली तर चिखलासारखी पसरते, वाळली की भुकटी होऊन निघते. मामूंची एक कोरी कॅसेट डब्यात होती, तिचे कवच उघडले. लहान स्क्रू काढले की दोन भाग वेगळे होतात. बुरशीवाल्या कॅसेटीची फीत दोन्ही चकत्यांसह उचलून त्या स्वच्छ कवचात ठेवली, आणि चकती हाताने फिरवत फीत चष्मा पुसायच्या कापडाच्या घडीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. दीड तास लागला. आपाने कापड धरले, मी चकती फिरवली. अल्कोहोल फितीला लावले नाही, कोरडेच पुसले. शेवटी कवचाच्या कडेची पट्टी सरकवून लाल खूण दिसेल अशी ठेवली. ती लाल दिसली की चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी पुसले जात नाही. भाचा हसला, पण ज्या घरात लहान मुले आहेत तिथे ही खबरदारी आधी.

उतरवून घ्यायला साडेचारशे रुपयांचे एक यूएसबी कॅप्चर उपकरण आणले होते. कॅमेऱ्याची पिवळी आणि पांढरी वायर त्यात, ते लॅपटॉपमध्ये, आणि ओबीएस हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर. पहिल्यांदा चित्र काळे-पांढरे आणि उड्या मारणारे आले. मामूंचा कॅमेरा मस्कतचा, म्हणजे आपल्यासारखाच पाल पद्धतीचा, आणि उपकरण अमेरिकी पद्धतीवर लावलेले होते. ते बदलले. आधी बिनमहत्त्वाची, मामूंच्या मस्कतच्या खोलीची कॅसेट लावून पाहिली. ती नीट चालली तेव्हा निकाहची लावली. एकदाच चालवायची आणि पहिल्याच वेळी रेकॉर्ड करायची असे ठरले होते, कारण दुसरी वेळ मिळेलच असे नाही.

पहिली वीस मिनिटे छान. अम्मी तरुण, मी दोन वेण्यांत, पंगतीला पाटे-वरवंट्याचा आवाज. मग एकाएकी पडदा पांढऱ्या मुंग्यांनी भरला. थांबवले, हेड पुसले, पुन्हा लावले. असे चार वेळा. रुखसतीच्या जागी फितीची कड बुरशीने खाल्लेलीच होती. तिथे चार मिनिटांत चित्र येत-जात राहिले आणि आवाजही. अब्बांची दुआ तुटक आली. सुरुवात नाही, मधला एक तुकडा, शेवटी सगळ्यांचे आमीन मात्र स्पष्ट.

मला फार वाईट वाटले. पण त्याच्या दोन मिनिटे आधी, चित्र अगदी स्वच्छ असताना, मामू नवरदेवावर दिवा धरून उभे आहेत आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून अब्बांचा आवाज येतो, "अरे मियाँ, तो दिवा बाजूला घे, पोराच्या डोळ्यांत जातोय. आणि आधी पाहुण्यांना जेवू घाल, तुझं पिक्चर नंतर." आपाने ते लॅपटॉपवर सात-आठ वेळा ऐकले. म्हणाली, "दुआ मला पाठ आहे, ती मीच तिला सांगेन. हे बोलणं मी विसरले होते."

खर्च विचारणाऱ्यांसाठी: व्होल्टचे मॉड्यूल ऐंशी, कपॅसिटर एकशेऐंशी, अल्कोहोल एकशेवीस, कथिल शोषणारी तांब्याची जाळी साठ, सिलिका जेल शंभर, कॅप्चर उपकरण साडेचारशे, नागपूरचे जाणे-येणे अडीचशे. एकूण बाराशे चाळीस. पेचकस उसने, अडॅप्टर, लॅपटॉप आणि ग्रीस घरचे. उरलेले दोनशे साठ आपाला परत केले, तिने त्यातून भाच्याला एक पेनड्राइव्ह घेऊन दिला आणि त्याने चारही घरांत एकेक प्रत पोचवली.

तिसरी कॅसेट अजून डब्यात वाळत आहे. तिच्यावर काय आहे ते कोणालाच आठवत नाही. सिलिकाचे निळे दाणे परवा गुलाबी झाले होते, म्हणजे ओल पिऊन भरले. स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून ते पुन्हा निळे केले आणि डब्याचे झाकण लावले.